उजव्या कानाच्या पडद्याला जुने भोक आहे, दुखत मात्र नाही. तरी शस्त्रक्रिया करून घ्यावी का?

गणिताच्या_बाई (सिंहगड रस्ता)

नमस्कार. माझे वय ४३ असून मी पुण्यातील एका मराठी शाळेत पाचवी ते सातवीच्या वर्गांना गणित शिकवते. दुसरीत असताना मोठी सर्दी झाल्यावर माझा उजवा कान फुटला आणि त्यानंतर कित्येक वर्षे तो दर पावसाळ्यात वाहत असे. आमच्या घरी याला कुणी आजार मानत नसे. आजी लसूण घालून कढवलेले तेल कोमट करून कानात सोडायची, वर कापसाचा बोळा लावायची आणि आपण काम केले असे समजायची. आता तो वर्षातून दोन-तीनदाच वाहतो, तोही डोक्यावरून अंघोळ करताना पाणी गेले किंवा सर्दी झाली तर. स्राव शेंबडासारखा चिकट असतो, त्याला वास येत नाही आणि डॉक्टरांनी दिलेले थेंब घातले की आठवड्यात थांबतो. कान दुखल्याचे मात्र मला आठवत नाही.

गेल्या महिन्यात वर्गात माझ्या उजव्या हाताच्या बाकावरील एका मुलीने दोनदा उत्तर सांगितले आणि तरीही मी तिला "अगं, काहीतरी बोल तरी" असे म्हणाले. सगळा वर्ग माझ्याकडे बघत राहिला. त्या दिवशी घरी परतताना माझ्या लक्षात आले की फोन मी नेहमी डाव्याच कानाला लावते, रिक्षात तिघी असलो की उजवे टोक धरून बसते आणि रस्त्याने चालताना यजमानांना नकळत डावीकडे घेते. हे सारे मी किती वर्षे करत होते, कोण जाणे.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासून सांगितले की पडद्याच्या मध्यभागी मध्यम आकाराचे भोक आहे आणि सध्या कान कोरडा आहे. ऑडिओमेट्रीच्या, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या, अहवालात उजव्या कानाचे ऐकणे हवेतून ४० डेसिबल आणि हाडातून १० डेसिबल असे आहे (आकडा जितका मोठा तितके ऐकणे कमी). डावा कान १५ डेसिबलवर आहे. त्यांनी टिम्पॅनोप्लास्टी, म्हणजे पडदा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया, सुचवली, पण घाई नाही असेही सांगितले. "घाई नाही" म्हणजे न केली तरी चालेल, की लवकर केलेली बरी, हे मला विचारायचे सुचले नाही.

तपासणीतल्या एका गोष्टीने मी चक्रावले. त्यांनी नादकाटा वाजवून माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला, तेव्हा आवाज मला खराब कानातच मोठा ऐकू आला. आणखी एक विचित्र गोष्ट म्हणजे खंडाळ्याच्या घाटात गाडीतल्या सगळ्यांच्या कानांना दडे बसतात, माझाही डावा कान बसतो, पण उजवा आजवर एकदाही बसलेला नाही. हे चांगले लक्षण मानावे का?

ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली आहे त्यांनी, आणि जाणकारांनी, कृपया सांगावे की दुखत नसलेल्या कानावर शस्त्रक्रिया करावी का, भूल कोणती देतात आणि किती दिवस रजा काढावी लागते. माझी आरोग्य विम्याची पॉलिसी घेऊन १४ महिने झाले आहेत. तिचा उपयोग होईल का, हेही कुणाला ठाऊक असल्यास सांगावे.

कोथरूडकर५२

ताई, माझी हीच शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली, तीही उजव्याच कानाची. माझे भोक तुमच्यापेक्षा मोठे होते आणि ऐकणे ४५ डेसिबलपर्यंत गेले होते.

मला कानाभोवती इंजेक्शने देऊन फक्त तो भाग बधिर केला होता आणि सोबत गुंगीचे औषध दिले होते, त्यामुळे मी अर्धवट जागा होतो. दुखले नाही, परंतु आवाजांची तयारी ठेवावी. कानात सक्शनची बारीक नळी घालतात तेव्हा जणू कानाशीच प्रेशर कुकरची शिटी सुटली आहे असे वाटते, आणि त्या थंड हवेने क्षणभर टेबल फिरल्यासारखे होते. मला आधी सांगितले होते म्हणून मी घाबरलो नाही. आमच्या शेजारच्या वहिनींना हे जमणार नाही असे पाहून पूर्ण भूल दिली होती. सुमारे दीड तासात काम झाले. कानामागे छेद घेतला होता, डोक्याभोवती पट्टी होती, ती दुसऱ्या दिवशी सोडली आणि टाके आठव्या दिवशी काढले.

खरी परीक्षा त्यानंतर असते. कानात आतून-बाहेरून विरघळणाऱ्या स्पंजचे तुकडे भरलेले असतात, त्यामुळे पहिले काही आठवडे आधीपेक्षाही कमी ऐकू येते. तिसऱ्या आठवड्यात मी डॉक्टरांना जवळजवळ रागाने विचारले की होते तेही ऐकणे घालवलेत की काय. त्यांनी शांतपणे सांगितले की स्पंज विरघळेल तसे उघडत जाईल, आणि खरोखरच पाचव्या आठवड्यापासून कानात अधूनमधून टिचक्या वाजल्यासारखे होऊन एकेक आवाज परत येऊ लागला. पहिल्यांदा ऐकू आला तो स्वयंपाकघरातल्या फ्रीजचा घरघराट. तो इतका मोठा आहे हे मला ठाऊकच नव्हते. जिभेच्या उजव्या कडेला दोन महिने तांब्याचे भांडे चाटल्यासारखी चव राहिली आणि मग आपोआप गेली. तीन महिन्यांनी केलेल्या ऑडिओमेट्रीत ऐकणे २२ डेसिबलवर आले होते. तुमच्यासारखाच माझाही उजवा कान घाटात कधी बसत नसे. शस्त्रक्रियेनंतर चार महिन्यांनी मुंबईला जाताना खंडाळ्यात त्याला आयुष्यात पहिल्यांदा दडा बसला, आणि मी गाडीत एकटाच हसत होतो.

एक पुणेरी अडचण सांगून ठेवतो. कानामागच्या जखमेवर हेल्मेट दाबले जाते. आपण दुचाकीवरून शाळेत जात असाल तर किमान तीन-चार आठवडे दुसरी सोय पाहावी. हेल्मेट न घालता जाणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

निवृत्त_कानतज्ज्ञ

मी अनेक वर्षे कानाच्या शस्त्रक्रिया केल्या असून आता व्यवसायातून निवृत्त आहे. येथे लिहितो ते केवळ समजण्यासाठी आहे. निर्णय आपल्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा.

आधी आपल्या दोन कोड्यांविषयी. कानाला दडा बसतो तो पडद्याच्या दोन बाजूंच्या हवेच्या दाबात फरक पडल्यामुळे. मध्यकर्णापासून, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीपासून, नाकाच्या मागील भागापर्यंत एक नळी जाते, युस्टेशियन नळी. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि दाब सारखा होतो. आपल्या उजव्या पडद्याला भोक असल्यामुळे हवा तेथूनच ये-जा करते आणि दाबाचा फरक मुळी उरतच नाही. म्हणजे उजवा कान बसत नाही हे चांगले लक्षण नसून भोक असल्याचीच खूण आहे. नादकाट्याचे म्हणाल, तर उजव्या कानात बोट घट्ट घालून हुंकार भरून पाहा. आवाज उजवीकडे सरकलेला जाणवेल. बाहेरून येणारा आवाज अडला की हाडातून आत पोहोचलेला आवाज त्या बाजूला ठळक वाटतो. याचा अर्थ असा की आपल्या आतल्या कानाची नस शाबूत आहे आणि अडचण केवळ आवाज आत पोहोचवण्याच्या वाटेवर आहे. हाडातून १० आणि हवेतून ४० ही आपल्या अहवालातील ३० डेसिबलची तफावत हेच सांगते, आणि शस्त्रक्रियेने भरून निघू शकते ती ही तफावतच. नसच कमजोर असती तर पडदा कितीही सुबक बसवला तरी ऐकण्यात फारसा फरक पडला नसता.

एवढ्याशा पडद्याने इतका फरक का पडावा, असे वाटणे साहजिक आहे. पडद्याचा व्यास जेमतेम ९-१० मिलिमीटर आणि जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी असते. त्याला चिकटलेली हातोडी, तिच्यामागे ऐरण आणि शेवटी रिकीब अशी तीन हाडांची साखळी आवाजाचे कंपन आतल्या कानातील द्रवापर्यंत नेते. हवेतला आवाज थेट द्रवावर आदळला तर त्याचा बहुतांश भाग परत फिरतो. म्हणून मोठ्या पडद्यावरचा दाब रिकिबीच्या छोट्याशा तळव्यावर एकवटला जातो. पडद्याचे कामाचे क्षेत्रफळ त्या तळव्याच्या सुमारे १७ पट आहे, त्यात हाडांच्या तरफेचा थोडा लाभ मिळून दाब सुमारे २२ पट होतो. आपण गणिताच्या शिक्षिका असल्याने हा गुणाकार आपणास आवडावा. पडद्याला भोक पडले की क्षेत्रफळ घटते आणि आवाज भोकातून आत जाऊन पडद्याला मागूनही ढकलू लागतो.

आता मूळ प्रश्न. शस्त्रक्रिया करावी की नाही हे ठरवताना कान दुखतो का, यापेक्षा भोक कोणत्या जातीचे आहे हे अधिक महत्त्वाचे असते. मध्यभागी असलेले, कडेने पडद्याची चौकट शिल्लक असलेले, बिनवासाचा चिकट स्राव देणारे भोक हे तुलनेने निर्धोक समजले जाते. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात खळगा पडून किंवा काठाला भोक पडून त्यातून कातडी आत वाढू लागली तर कोलेस्टिएटोमा तयार होतो. त्याचा स्राव थोडा पण दुर्गंधीयुक्त असतो, तो हळूहळू हाड खात जातो आणि चेहऱ्याच्या नसेपर्यंत, आतल्या कानापर्यंत किंवा क्वचित मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो. गंमत नव्हे, पण हा धोकादायक कानही बहुधा दुखत नाही. त्या रुग्णाला "घाई नाही" असे कोणीही सांगणार नाही, त्याचा सीटी स्कॅन होईल आणि कानामागील हाडाचीही शस्त्रक्रिया करावी लागेल. आपल्या वर्णनावरून आपले भोक पहिल्या जातीचे दिसते. त्यामुळे आपल्याला घाई नाही याचा अर्थ, वेळ आपण निवडावी, एवढाच घ्यावा. न केल्यास कान असाच अधूनमधून वाहत राहील, पाण्याला आयुष्यभर जपावे लागेल आणि वारंवार सूज येऊन हाडांची साखळी झिजण्याची शक्यता राहील. पहिला हेतू कोरडा, निर्धोक कान मिळवणे हा आणि ऐकणे सुधारणे हा दुसरा, असा क्रम मनात ठेवला तर नंतर निराशा होत नाही.

एवढी वर्षे भोक आपोआप का भरले नाही, असे मला रुग्ण नेहमी विचारत. जुन्या भोकाच्या काठावर बाहेरची कातडी वळून आतल्या अस्तराला भिडलेली असते. शरीराच्या लेखी ती जखम राहिलेलीच नसते. म्हणून शल्यचिकित्सक प्रथम तो काठ खरवडून ताजा करतो. पंक्चरवाला ठिगळ लावण्यापूर्वी ट्यूब घासून घेतो, तसेच हे. नंतर कानाच्या वरच्या बाजूच्या, म्हणजे चावताना कानशिलावर हलताना दिसणाऱ्या स्नायूवरचे पातळ आवरण काढून ते पडद्याच्या आतल्या बाजूने बसवले जाते. हे आवरण आपल्याच शरीराचे असते, त्याची गरज तेथे भासत नाही आणि नवीन रक्तवाहिन्या येईपर्यंत ते तग धरते. काही ठिकाणी कानाच्या छिद्रासमोरच्या उंचवट्यातील कूर्चा वापरतात. ती अधिक ताठ असल्याने मोठ्या भोकाला किंवा पुन्हा कराव्या लागणाऱ्या शस्त्रक्रियेला उपयोगी पडते. सूक्ष्मदर्शकाऐवजी एंडोस्कोपने कानाच्या छिद्रातूनच हे काम केल्यास कानामागचा छेद टळू शकतो, पण आपले डॉक्टर ज्या पद्धतीत मुरलेले आहेत ती पद्धत आपल्यासाठी चांगली, असे माझे स्पष्ट मत आहे. टिम्पॅनोप्लास्टी हे नाव आणि तिचे पाच प्रकार १९५०च्या दशकात जर्मनीतील वुलस्टाइन यांनी रूढ केले. आपल्याला बहुधा त्यातला पहिला प्रकार, म्हणजे हाडांना हात न लावता केवळ पडदा दुरुस्त करणे, पुरेसा ठरेल.

कोरड्या कानात ठिगळ टिकण्याचे प्रमाण दहापैकी साधारण आठ ते नऊ रुग्ण असे धरावे. चवीतला बदल बहुधा तात्पुरता असतो, कारण चवीची एक बारीक नस पडद्याच्या अगदी मागून जाते. चेहऱ्याच्या नसेला इजा किंवा नसेचे ऐकणे कमी होणे अत्यंत विरळ आहे, परंतु संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते आपल्याला समजावून सांगितले गेले पाहिजे.

तोवर तेल, लसूण, काडी आणि कानकोरणे पूर्ण बंद ठेवावे. अंघोळीच्या वेळी व्हॅसलीन लावलेला कापूस कानात घालावा. दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत, कारण जेंटामायसिन किंवा निओमायसिन असलेले काही थेंब भोकावाटे आत गेल्यास नसेला इजा करू शकतात.

वडगावची_वाचक

डॉक्टरसाहेबांनी नाकाचा उल्लेख केला, पण एक गोष्ट मी अनुभवाने ठासून सांगू इच्छिते. माझी पहिली शस्त्रक्रिया फसली. त्या वेळी माझे नाक वर्षाचे सहा महिने चोंदलेले असे, सकाळी उठल्यावर वीस-वीस शिंका येत, तरीही शहरातल्या ज्या दवाखान्यात मी गेले तेथे कुणी माझ्या नाकात डोकावूनही पाहिले नाही. दोन महिने पडदा छान दिसला, मग एका सर्दीत मी जोरात नाक शिंकरले आणि त्याच आठवड्यात कान पुन्हा वाहू लागला. पैसे गेले त्याहून जास्त वाईट वाटले ते तीन महिने जपलेल्या पथ्यांचे.

दुसऱ्या डॉक्टरांनी आधी नाकाची एंडोस्कोपी केली, नाकाचे वाकडे हाड दाखवले, अॅलर्जीवर उपचार केले आणि हाडाची शस्त्रक्रिया आधी करून घेतली. नंतर कूर्चा वापरून कान केला. आज पाच वर्षे झाली, पडदा शाबूत आहे. ताई, आपला कान सर्दीबरोबर वाहतो असे आपणच लिहिले आहे, म्हणून नाक आधी दाखवा. शस्त्रक्रियेनंतर शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकावे, नाक दाबून ती अडवू नये.

निवृत्त_कानतज्ज्ञ

यांचे म्हणणे अगदी योग्य आहे आणि मी ते अधिक ठळकपणे लिहायला हवे होते. युस्टेशियन नळी नीट उघडत नसेल तर नवा पडदाही जुन्याच्याच वाटेने जातो. धूम्रपान करणाऱ्यांचे ठिगळही कमी टिकते.

आई_औंध

धाग्याचा विषय जुन्या भोकाचा आहे, तरी एक भर घालते, कारण "पडदा फाटला" हा शब्द ऐकून मी रात्रभर झोपले नव्हते. कबड्डी खेळताना माझ्या १४ वर्षांच्या मुलाच्या कानावर उघडा पंजा सपाट बसला, थोडे रक्त आले आणि कानात शिटी वाजू लागली. डॉक्टरांनी तपासून पडद्याला ताजी चीर असल्याचे सांगितले, थेंबही दिले नाहीत, फक्त पाणी जाऊ देऊ नका आणि पोहणे बंद ठेवा म्हणाले. सातव्या आठवड्यात पडदा आपोआप भरला. सासूबाईंना तेलाच्या वाटीपासून दूर ठेवणे हेच काय ते आमचे उपचार. अशा ताज्या चिरा बहुतेक वेळा तीन महिन्यांच्या आत भरतात, असे आम्हाला सांगण्यात आले होते.

विमा_मार्गदर्शक

विम्यापुरते लिहितो. बहुतेक पॉलिसींमध्ये काही ठरावीक शस्त्रक्रियांना २४ महिन्यांची प्रतीक्षा असते आणि टिम्पॅनोप्लास्टीचे नाव त्या यादीत सहसा असतेच. शिवाय आपला कान लहानपणापासूनचा असल्याने तो आधीपासूनचा आजार ठरेल. त्यासाठीची प्रतीक्षा २०२४ च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. पॉलिसी घेताना अर्जात कानाचा उल्लेख केला होता का, हे पाहा. केला नसल्यास तो आजच कंपनीला लेखी कळवावा, दावा करताना नव्हे. एक दिवसात घरी सोडले तरी ही शस्त्रक्रिया डे-केअर यादीत बहुधा असते, त्यामुळे २४ तास दाखल राहिलेच पाहिजे असे नाही. ससून रुग्णालयात कान-नाक-घसा विभाग आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आपले प्रकरण बसते का, याची चौकशी रेशनकार्ड घेऊन तेथील आरोग्यमित्राकडे करता येईल.

गणिताच्या_बाई (सिंहगड रस्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. बोट घालून हुंकार भरून पाहिला. आवाज खरोखर उजवीकडे सरकला, आणि घरातील सगळे आता तेच करत बसले आहेत.

काल नाकाची तपासणी करून आले. हाड थोडे वाकडे आहे पण शस्त्रक्रियेची गरज नाही. अॅलर्जीसाठी नाकात मारायचा फवारा तीन महिन्यांसाठी दिला आहे. विम्याचा अर्ज काढून पाहिला, त्यात कानाचा उल्लेख नाही. एजंटने "एवढ्या तेवढ्याचे काय लिहायचे" म्हणून तो रकाना रिकामा ठेवला होता. आज कंपनीला पत्र पाठवले. विम्याची वाट पाहायची तर आणखी जवळजवळ दोन वर्षे जातील, म्हणून खर्च स्वतः करून मे महिन्याच्या सुट्टीत शस्त्रक्रिया करायचे ठरवले आहे. जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत सहा आठवडे मिळतात. सुरुवातीचे दिवस यजमान दुचाकीऐवजी रिक्षाने सोडतील, म्हणजे पुन्हा उजवे टोक आलेच.

तोपर्यंत वर्गात मी जागा बदलली आहे. फळ्यासमोर मधोमध उभी राहण्याऐवजी माझ्या उजव्या हाताच्या भिंतीला लागून उभी राहते, म्हणजे सगळी मुले डाव्या कानाच्या बाजूला येतात. त्या मुलीचे उत्तर आज पहिल्याच वेळी ऐकू आले. ते चुकलेले होते, आणि तिला ते पुन्हा सोडवायला लावले.